अण्णाचं पिस्तूल आणि वहिनीची चिंच

आमचा अण्णा फटाक्यांना भितो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्याकडे तीन पिस्तुलं आहेत असं कळलं की लोक त्याच्याकडे भलत्याच नजरेनं बघायला लागतात. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी लक्ष्मीबॉम्ब लावला की हा कानात कापूस घालून दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतो. झुरळ दिसलं तर खुर्चीवर पाय घेऊन "तुंगाऽऽ" म्हणून बायकोला हाक मारतो. असा आमचा शूरवीर.

अण्णा म्हणजे हणमंतराव महेंद्रकर, माझा थोरला भाऊ. राजाजीनगरात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही शिंपी, कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरातले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि भांडताना दोन्ही. मी जमनाबाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि नवरा गेल्यावर अण्णाच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. बोलायची सवय मला खात्यानं लावलीय, त्याला माझा इलाज नाही.

पिस्तुलांचा नाद अण्णाला लागला तो एका स्प्रिंगमुळे. तरुणपणी दुकानात एक माणूस आला, पिशवीतून जुनं चकमकीचं पिस्तूल काढलं आणि म्हणाला, "मशीनच्या स्प्रिंगा करता ना, ह्याचीही करून द्या." चकमकीचं म्हणजे काडतुसं यायच्या आधीचं. त्याच्या घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते आणि दारू पेटते. अण्णानं स्प्रिंग केली, पण वस्तू परत देताना त्याचा चेहरा लग्नात मुलीची पाठवणी करताना होतो तसा झाला होता. घोड्याच्या मानेवर पानं-फुलं कोरलेली होती, चापाखालून एक वेल गेली होती. संध्याकाळी मला म्हणाला, "जमने, माणूस मारायच्या वस्तूवर कुणी एवढी फुलं काढतं का गं?" ते फूल त्याच्या डोक्यात जे शिरलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही.

मग हळूहळू त्याची स्वतःची तीन झाली. कागदपत्रं रीतसर आहेत, नळ्या बुजवलेल्या आहेत. एकातूनही बार निघणार नाही. निघाला असता तर पहिला अण्णाच घर सोडून पळाला असता.

त्यातलं तिसरं म्हणजे त्याचा जीव की प्राण. हुबळीकडचे आप्पाजी म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. घर मोडून मुलाकडे राहायला बेंगळुरात आले, त्यांच्या बायकोचं मशीन अण्णानं नीट करून दिलं, त्यातून ओळख वाढली. एक दिवस त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं हे पिस्तूल अण्णापुढे ठेवलं. "आमच्या देवघरात असायचं," म्हणाले. "मुलाच्या फ्लॅटमध्ये देवघरच कपाटाएवढं. तुम्ही नीट सांभाळाल." अण्णानं डोक्याला लावून घेतलं. देवघराचं बोलणं मात्र त्यानं कानाआड केलं. दुसरीकडे जागा नसेल म्हणून ठेवलं असेल तिथं, असं मला म्हणाला.

पिस्तूल खरंच देखणं होतं, हे मीही कबूल करते. शिसवी दस्ता, त्यात केसासारखी चांदीची तार ठोकून वेल काढलेली. नळीच्या बुडाशी चांदीचा पत्रा आणि त्यावर आठ-आठ पाकळ्यांची फुलं. चांदी काळपट पडलेली आणि फुलांच्या खोबणीत लालसर रंग. अण्णा कुणालाही धरून सांगायचा, "ही लाख आहे, लाख. फुलं उठून दिसावीत म्हणून कारागिरानं भरलीय. आणि पाकळ्यांच्या कडा बघा, लोण्यासारख्या मऊ. काय हात असेल त्याचा!" ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं. इस्त्रीवाल्यालाही पाठ झालं होतं.

आणि एक नियम होता. त्या पिस्तुलाला कुणीही हात लावायचा नाही. विशेष करून तुंगा वहिनीनं.

आता वहिनीबद्दल सांगायलाच हवं. तुंगाबाई, अण्णाची बायको. मी नणंद असून सांगते, असली बाई शोधून सापडणार नाही. पण तिला स्वच्छतेचं वेड आहे, ते काही साधंसुधं नाही. तिच्या घरातलं तांब्याच्या तपेल्यात बघून तुम्ही भांग पाडू शकता. गॅसचा सिलिंडरसुद्धा आठवड्याला आंघोळ करतो. अशा बाईच्या घरात लग्नानंतर इतकी वर्षं एक काळं पडलेलं चांदीचं काम कपाटात बसून आहे आणि तिनं त्याला हात लावायचा नाही! "तुंगा, हात लावू नकोस," हे वाक्य अण्णानं जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा त्यानं तिचं नावही प्रेमानं घेतलं नसेल. ती "सरी", म्हणजे बरं, म्हणायची आणि ओठ मिटून घ्यायची.

दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे आमच्या इथल्या आयुधपूजेला, हे जास्तच बोचायचं. त्या दिवशी दुकानातली झाडून सगळी मशीनं धुऊन पुसून गंधाचे पट्टे ओढून बसतात. कात्र्या, पाने, स्कूटर, मिक्सर, माझा जुना टेलिफोनसुद्धा. सगळ्यांना झेंडू, सगळ्यांना कुंकू. फक्त पिस्तुलं कपाटात. वहिनी एकदा म्हणाली, "अहो, आयुधपूजेला घरातलं खरं आयुध तेवढंच, आणि तेच उपाशी." अण्णा म्हणाला, "ते आयुध नाही, कला आहे."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नीरजा आली. पुण्याची मुलगी, इथं एका मोठ्या कंपनीत नोकरीला. हेब्बाळच्या तळ्यापलीकडे त्या कंपनीची काचेची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर चित्रंबित्रं मांडायचं दालन आहे. हत्यारांवरच्या कलाकुसरीचं प्रदर्शन तिनं भरवायला घेतलं होतं. कुणाकडून तरी अण्णाचं नाव कळलं आणि तिनं फोन केला. "काका, मी तुमचा पीस बघायला येऊ का? दसऱ्याला सुट्टी आहे. ॲक्च्युअली मला तो मेन केसमध्ये ठेवायचाय. खाली कार्ड असेल, तुमच्या नावाचं."

कार्ड! अण्णानं फोन ठेवला आणि जो खुर्चीत बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही. तुम्हाला कळणार नाही ते. जन्मभर लोकांनी त्याला 'मशीन रिपेरी' म्हणून हाक मारली. पिस्तुलांचं बोलायला लागला की नातेवाईक जांभया द्यायचे, आमचा धाकटा मामा तर समोरासमोर "हणम्याचं भंगार" म्हणायचा. आणि आता काचेखाली, दिव्याखाली, छापील अक्षरात हणमंतराव महेंद्रकर. त्यानं नवा शर्ट शिवायला टाकला. शिंप्याच्या घरात दुसऱ्या शिंप्याकडे, म्हणजे बघा.

अष्टमीच्या सकाळी त्यानं पिस्तूल कपाटातून काढलं, मऊ ब्रशनं धूळ झटकली, फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि पूजेसाठी मशीनं धुवायला दुकानात गेला. वहिनी त्या वेळी पूजेची चांदी काढून बसली होती. पाटावर निरांजनं, ताम्हन, समया. शेजारी चिंचेचं पाणी. मी वरून खाली आले तेव्हा ती टेबलापाशी उभी होती, फडक्याचं टोक उचलून आत बघत.

"जमनाक्का," म्हणाली, "परवा पुण्याची पाहुणी येणार. ही अशी काळी चांदी दाखवायची तिला? काय म्हणेल, ह्या घरात बाई आहे की नाही?"

"वहिनी, त्याला हात लावू नका. तो घर डोक्यावर घेईल," असं बजावून मी भाजी आणायला गेले. परत आले तर गच्चीवर, उन्हात, पंच्यावर समया, ताम्हन, निरांजनं आणि त्यांच्या मधोमध पिस्तूल वाळत पडलेलं. चिंच, मीठ, रांगोळीची पूड आणि जुना टूथब्रश. चांदी अशी लखलखत होती की डोळ्यांवर हात धरावा लागला. वहिनी शेजारी उभी, घामेजलेली, तोंडभर हसत. "बघा तरी कसं दिसतंय! ह्यांना दाखवते आता."

अण्णा आला. बघितलं. पहिल्यांदा तो ओरडलाच नाही, तेच वाईट होतं. मग ओरडला, आणि असा ओरडला की समोरच्या घरातली माणसं बाल्कनीत आली. "दीडशे-दोनशे वर्षांचा काळिमा होता तो! तोच त्याच्या वयाचा दाखला! कालच्या बाजारातल्या वाटीसारखं करून ठेवलंस! आणि लाख, लाख बघ, जाळून पिवळी केलीस!" खरंच, फुलांच्या खोबणीतला लाल रंग आता पिवळा झाला होता. "कोण ठेवणार हे काचेत? सगळं मातीत घातलंस माझं."

वहिनी एवढंच म्हणाली, "तुमच्यासाठीच केलं हो." आणि खाली निघून गेली.

रात्रीपासून घराला कुलूप लागल्यासारखं झालं. अण्णा जेवला नाही. वहिनीनं वाढलं नाही असं नव्हे, वाढलं, ह्यानं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, त्यानं दुकानात मुकाट पूजा केली, दारात कोहळा फोडला, स्कूटरच्या चाकाखाली लिंबं ठेवली. घरी येऊन मला म्हणाला, "नीरजाला फोन करून सांग, येऊ नको. माझ्याच्यानं बोलवणार नाही." मी म्हटलं, "तुझा फोन तू कर. मी आता खात्यात नाही." चिडलेच होते मी. एवढ्या वर्षांच्या संसारापेक्षा त्या चांदीचा काळेपणा मोठा झाला होता का ह्याला?

तेवढ्यात आतून वहिनी आली. हातात पिशवी, नेसणं बदललेलं. "जमनाक्का, मी के. आर. पुरमला भावाकडे जाते. ऑटो बोलावलाय." अण्णाकडे तिनं बघितलंही नाही. कधी सणाच्या दिवशी घर न सोडलेली बाई. मला रडूच आलं. "अय्यो, आजच्या दिवशी?" मी म्हटलं. "दिवाही लागायचाय अजून." ती म्हणाली, "माझ्या हातानं ह्या घरात काही चांगलं होत नाही ना, मग दिवा तुम्हीच लावा."

अण्णा टेबलाशी बसला होता. अन्नावर रुसला असला तरी विड्याच्या पानावर तो आयुष्यात कधी रुसला नाही. विडा लावत होता, बोटाला चुना. पिस्तूल समोर. "जा म्हणावं," पुटपुटला. आणि मला दाखवायला म्हणून त्यानं त्या खोबणीवर बोट घासलं. "बघ, बघ ह्या लाखेचं काय केलंय..."

आणि तो थांबला. बोट फिरलं तिथं पिवळ्याचं परत लाल झालं होतं.

अण्णानं पुन्हा बोट लावलं, दुसऱ्या फुलावर. लाल. मग तो उठला, बाहेर जाऊन स्कूटरच्या चाकाखालचं एक लिंबू घेऊन आला, कापलं आणि कापसाच्या टोकानं एक थेंब त्यावर टेकवला. पिवळं. चुना लावला. लाल. माझी आजी घरी कुंकू करायची, हळकुंडाला लिंबू आणि सवागी, म्हणजे टाकणखार, लावून वाळवायची. ते कुंकू पदरावर सांडलं आणि त्यावर चिंचेचं पाणी पडलं की अस्साच पिवळा डाग पडायचा. हल्लीच्या दुकानातल्या कुंकवाचं असं काही होत नाही. आमच्या घरातल्या कुणाला सांगायला नको होतं ते काय आहे. फक्त इतकी वर्षं त्याच्याजवळ जायचीच कुणाला परवानगी नव्हती.

"कुंकू," अण्णा म्हणाला. "लाख नाही. कुंकू आहे हे. देवघरात होतं म्हणाले आप्पाजी... त्यांच्याकडे पूजा व्हायची ह्याची. दर नवमीला."

त्यानं भिंग काढलं आणि पिस्तूल खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत होता. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. वहिनी दारात थांबली होती, जायचं की नाही अशी. अण्णा भिंगातून मान वर न करता बोलायला लागला. "जमने, ह्या पाकळ्या मऊ नाहीत. झिजल्यात. वरच्या बाजूनंच झिजल्यात, जिथं अंगठा पोचतो तिथं. खाली, चापाजवळ, जिथं पोचत नाही तिथं कडा अजून सुरीसारख्या आहेत. कारागिरानं धारदारच केल्या होत्या." मग त्यानं भिंग खाली ठेवलं. "चिंचेनं घासून घासून. कितीतरी बायकांनी. मी जन्मभर ज्याला कारागिराचा हात म्हणालो तो ह्यांचा हात होता."

मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या अण्णाचे डोळे भरले होते. तो उठला, दारापाशी गेला आणि तुंगा वहिनीच्या हातातली पिशवी घेतली. एवढ्या वर्षांत मी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"चुकलो मी, तुंगा. त्या काळिम्याचं मला अजून वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तुला जे बोललो ते चुकलं. तू काही नवं केलं नाहीस. तिथल्या बायकांनी जे केलं तेच केलंस."

वहिनीनं पदरानं नाक पुसलं. मग एकदम म्हणाली, "सुम्मने, उगाच उपाशी बसलात कालपासून. पित्त झालं असेल." आणि स्वयंपाकघरात गेली. ऑटोवाल्याला मी समजावून परत पाठवला. तो कन्नडमध्ये बरंच काही बोलला, ते इथं सांगण्यासारखं नाही.

दिवेलागणीला वहिनीनंच दिवा लावला. पिस्तूल त्या वर्षी पहिल्यांदा पूजेत बसलं. कुंकू मात्र तिनं लावलं नाही. "लावा की," मी म्हटलं. "नको बाई," म्हणाली, "आत आहे तेवढं पुरे." एक झेंडूचं फूल ठेवलं, तेही अण्णाला विचारून.

दसऱ्याला नीरजा आली. अण्णा नवा शर्ट घालून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं तिला पाणीही न विचारता सांगून टाकलं, "आधी ऐका, मग बघा. माझ्या घरच्यांनी हे चिंचेनं घासलंय." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखी उभी. नीरजानं फडकं उघडलं आणि तिचा चेहरा पडला. लपवता आलं नाही बिचारीला.

"काका, खरं सांगू? मला वाईट वाटतंय. तो काळा टोन परत यायला खूप वर्षं लागतील. बाकी कलेक्टर्स बोलतील."

"बोलू देत," अण्णा म्हणाला. "आता हे बघा." आणि लिंबू पुढं ओढलं.

एक फूल पिवळं झालं, चुन्यानं लाल झालं. मग त्यानं झिजलेल्या कडा दाखवल्या, चापाजवळच्या धारदार कडा दाखवल्या. आप्पाजींचं देवघर सांगितलं. नीरजा खुर्चीतून उठून टेबलाशी गुडघ्यांवरच बसली. "थांबा, थांबा, परत करा ना, मी व्हिडिओ घेते." अण्णा म्हणाला, "आता नाही. सारखं केलं तर संपेल ते." इतका वेळ घाबरलेला माणूस, एकदम मालकासारखा बोलला. मला हसू आवरेना.

नीरजा भिंगातून किती तरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "माझ्याकडे आलेले बाकीचे सगळे पीसेस राजवाड्यातले नाहीतर साहेबांच्या शोकेसमधले आहेत. देवघरातून आलेलं हे एकच. काका, हे मेन केसमध्येच राहणार." तिनं कार्डाचा मजकूर लिहायला लॅपटॉप उघडला. "संग्रह, हणमंतराव महेंद्रकर. कारागिराचं नाव?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाला. "पण खाली अजून एक ओळ घाला. झीज, घरातल्या बायकांच्या हातची. नावं माहीत नाहीत. शेवटची तुंगाबाई महेंद्रकर, राजाजीनगर."

"अहो, काहीतरीच काय!" वहिनी दारातून ओरडली. लाजली होती की घाबरली होती, मला कळलं नाही. पण दुपारी तिनं नीरजाला पुरणपोळीवर एवढं तूप वाढलं की ती मुलगी पुण्याला परत गेली तरी विसरणार नाही.

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. वहिनीनं इरकल नेसली होती, गजरा माळला होता. दालन थंडगार, दिवे मंद, लोक पाय न वाजवता चालत होते. मधल्या काचेत आमचं पिस्तूल, खाली कार्ड, कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. धाकटा मामाही आला होता. त्यानं कार्ड दोनदा वाचलं आणि कधी नव्हे ते गप्प बसला. अण्णा एका कोपऱ्यात कुणाला तरी घोडा आणि गारगोटी समजावून सांगत होता, हात हलवून हलवून. त्याला तसं बघून माझा ऊर भरून आला.

वहिनी काचेजवळ गेली. वाकून तिनं आपलं नाव वाचलं, ओठ हलवत. मग डोकं तिरपं केलं, काचेकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते काचेवर. वहिनीनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, काचेवर हुऽऽ करून श्वास सोडला आणि पुसायला लागली.

गार्ड धावत आला. "अम्मा, मुट्टबेडी! हात लावायचा नाही!"

वहिनीचा हात तिथंच थिजला. सवयच होती तिला त्या वाक्याची. पण अण्णानं ऐकलं. बोलणं अर्धवट टाकून तो लगबगीनं आला आणि गार्डच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुसू द्या हो तिला," म्हणाला. "तिचं नाव आहे त्यावर."